न घेतलेल्या गोळ्यांचा हिशेब

साठीनंतरच्या मधुमेहाविषयी प्रश्न पाठवा, असे आवाहन या सदरात केले, तेव्हा बहुतेक पत्रे आहाराविषयी येतील, अशी माझी अटकळ होती. प्रत्यक्षात आली ती गोळ्यांविषयी, आणि त्यांतली बरीचशी रुग्णांनी नव्हे, तर त्यांच्या मुलांनी, सुनांनी आणि पत्नींनी लिहिलेली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून आणि ओळख पटेल असा तपशील गाळून त्यांतली सहा येथे घेतली आहेत. उत्तरे सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. ती वाचून कोणीही आपल्या औषधाचे प्रमाण परस्पर बदलू नये, उलट हे पान घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे, निवृत्त शिक्षक आहेत. वर्षभरात त्यांचे एचबीए१सी (गेल्या साधारण तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी) ८.१ वरून ९.४ वर गेले, म्हणून डॉक्टरांनी दोनदा औषध वाढवले. दिवाळीच्या आवराआवरीत त्यांच्या कपाटात जुन्या पंचांगांमागे मेटफॉर्मिनची अकरा पाकिटे जशीच्या तशी सापडली. विचारल्यावर ते संतापले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आजपासून मी स्वतः समोर बसून सगळ्या गोळ्या देणार आहे. हे योग्य होईल ना? (सातारा)

उत्तर : सगळ्या गोळ्या आजपासून एकदम देऊ नका. हे आधी सांगतो, कारण आपल्या पत्रातली सर्वांत काळजी करण्यासारखी गोष्ट तीच आहे. डॉक्टरांनी दोनदा जे औषध वाढवले, ते आधीचे औषध पोटात जात आहे असे धरून वाढवले. म्हणजे आज कागदावर जी मात्रा आहे, ती आपल्या वडिलांच्या शरीराने कधी पाहिलेलीच नाही. ती अचानक पूर्ण सुरू झाली, आणि तिच्यात ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी असली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. रुग्णालयात दाखल झालेल्या वृद्धांच्या बाबतीत हेच घडताना मी पाहिले आहे : घरी निम्मी औषधे घेणाऱ्या माणसाला परिचारिका चिठ्ठीप्रमाणे सगळी औषधे वेळेवर देतात, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे तो घामाने थबथबलेला सापडतो. यात परिचारिकेची चूक नसते. म्हणून दोन-तीन दिवसांत डॉक्टरांची वेळ घ्या आणि खरोखर कोणत्या गोळ्या घेतल्या जात होत्या, एवढे त्यांना कळू द्या. मात्रा ते नव्याने ठरवतील.

आता वडिलांविषयी. आयुष्यभर हजेरीपट सांभाळलेला माणूस अकरा पाकिटे विसरत नाही. त्याने ती बाजूला ठेवलेली असतात, आणि त्याला कारण असते. मेटफॉर्मिनच्या बाबतीत ते कारण बहुधा पोटाचे असते. मळमळ, तोंडाला धातूसारखी चव, पोटात गुडगुड आणि घाईची पातळ शौचास हे या औषधाचे नेहमीचे त्रास आहेत. सकाळच्या फिरण्यात, एसटीच्या प्रवासात किंवा लग्नाच्या पंगतीत अशी वेळ एकदा जरी आली, तरी माणूस पुन्हा त्या गोळीच्या वाटेला जात नाही, आणि चारचौघांत ते बोलूनही दाखवत नाही. तेव्हा "गोळ्या का नाही घेतल्या?" असे न विचारता "ती गोळी घेतल्यावर काय होते?" असे विचारून पाहा. उत्तर वेगळे येईल.

यावर उपाय आहेत. ही गोळी उपाशीपोटी न घेता जेवताना किंवा जेवणानंतर लगेच घ्यायची असते. सुरुवात कमी मात्रेने करून ती एक-दोन आठवड्यांच्या टप्प्यांनी वाढवली, तर बहुतेकांना ती सोसते. आणि तरीही त्रास झाला, तर सावकाश विरघळणाऱ्या प्रकारची, पाकिटावर 'एसआर' किंवा 'एक्सआर' असे लिहिलेली गोळी मिळते, जी पोटाला बरीच सौम्य असते. ही गोळी कुटून किंवा चावून मात्र घेऊ नये. तिचे मऊ टरफल कधी कधी शौचातून तसेच बाहेर पडते आणि "गोळी पचलीच नाही" असा समज होतो. औषध तोवर शरीरात गेलेले असते.

एक कबुली आम्हा डॉक्टरांच्या वतीनेही द्यायला हवी. आम्ही रक्तदाब मोजता मोजता "गोळ्या चालू आहेत ना?" असे विचारतो, आणि त्या प्रश्नाला "हो" याखेरीज दुसरे उत्तर देण्याची सोयच ठेवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घकालीन आजारांतील औषधपालनावर अहवाल काढला, त्यात विकसित देशांतसुद्धा असे सुमारे निम्मेच रुग्ण औषधे सांगितल्याप्रमाणे घेतात, असे नमूद आहे. "गेल्या आठवड्यात किती गोळ्या राहिल्या?" असे विचारले, तर राहिलेली गोळी सांगणे सोपे जाते. शक्य असेल तर हे वडिलांनाच सांगू द्या. हवे तर कागदावर लिहून. मुलीने सांगितले तर ती चुगली वाटते, स्वतः सांगितले तर ती तक्रार होते, आणि तक्रार करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : मी ७८ वर्षांची असून एकटी राहते. सकाळी ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तिन्ही औषधे एकत्र असलेली गोळी घेते. चाळीस वर्षे एकादशी करते. गेल्या दोन एकादशींना दुपारी हातपाय थरथरले, दरदरून घाम सुटला आणि एकदा स्वयंपाकघरात पडले. दोन चमचे साखर खाल्ली, तरी बराच वेळ बरे वाटले नाही. माझे एचबीए१सी ६.४ आहे आणि सगळे माझे कौतुक करतात. मग असे का व्हावे? (सांगली)

उत्तर : आपले वर्णन साखर कमी होण्याचे आहे, आणि ६.४ या आकड्याचे मी तरी कौतुक करणार नाही. आपल्या वयात, विशेषतः एकटे राहणाऱ्या आणि साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत, एवढा कमी आकडा ही शाबासकी नसून सूचना असते. प्रकृती एरवी चांगली असलेल्या वृद्धांसाठी साधारण ७ ते ७.५ पर्यंतचे, आणि बरेच आजार सोबत असलेल्यांसाठी ८ पर्यंतचे एचबीए१सी सामान्यतः पुरेसे मानले जाते. जास्त साखरेचे नुकसान वर्षांच्या हिशेबाने होते. कमी साखरेने एका दुपारीत खुब्याचे हाड मोडते.

आपल्या गोळीतील तीन औषधांपैकी ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि आपण जेवलात की नाही, हे ते पाहत नाही. वयाबरोबर मूत्रपिंडांचे काम मंदावते, भूक कमी होते, वजन उतरते. गोळी मात्र दहा वर्षांपूर्वीचीच राहते. अशा वेळी उपवास घडला, की साखर घसरते. त्यातही उपवासाच्या पदार्थांचा दुहेरी खेळ असतो : साबुदाण्याची खिचडी किंवा बटाट्याचा कीस खाल्ल्यावर साखर चढते, आणि मग संध्याकाळपर्यंत पोटात काही न गेल्याने ती खाली येते. याच जातीचे ग्लिबेनक्लामाइड हे जुने औषध तर वृद्धांत दीर्घकाळ साखर पाडत असल्याने टाळले जाते. वाचकांपैकी कोणाच्या पाकिटावर ते नाव असेल, तर त्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे.

दोन चमचे साखर खाऊनही बरे का वाटले नाही, या प्रश्नाचे उत्तर आपल्या गोळीतील तिसऱ्या औषधात आहे. आपली नेहमीची साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. आतड्यात ती जोडी फुटल्याशिवाय ती रक्तात जात नाही, आणि व्होग्लिबोज नेमके हे फोडण्याचेच काम मंद करते. अकार्बोजचेही तसेच. म्हणून ही औषधे घेणाऱ्यांनी साखर, गूळ किंवा पेढा यांवर विसंबू नये. औषधांच्या दुकानात मिळणारी ग्लुकोज पावडर घरात ठेवावी. मोजणी ७० मिलिग्रॅमच्या खाली आली, किंवा मोजण्याचे यंत्र हाताशी नसताना लक्षणे दिसली, तर तीन-चार चहाचे चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम पावडर पाण्यात घालून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, फरक नसेल तर पुन्हा तेवढीच घ्यावी, आणि बरे वाटल्यावर पोळी-भाजी किंवा दूधभात असे काही तरी खावे. ५४ च्या खालची मोजणी ही गंभीर बाब समजावी. ग्लिमेपिराइडचा अंमल बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून अशा दिवशी शेजारणीला सोबतीला बोलवावे. माणूस बेशुद्ध असेल, तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला थेट रुग्णालयात न्यावे.

आपल्याला थरथर आणि घाम ही लक्षणे जाणवली, हे एका परीने सुदैव. पुष्कळ वृद्धांत ती येतच नाहीत. माणूस नुसता गोंधळतो, चिडचिड करतो, अडखळत बोलतो, आणि घरच्यांना वाटते की वय झाले, किंवा अर्धांगाचा झटका आला. मेटोप्रोलोल, अटेनोलोल यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या थरथर आणि धडधड झाकून टाकतात. घाम मात्र त्या झाकत नाहीत. रात्री साखर उतरत असेल, तर भयानक स्वप्ने, घामाने ओली झालेली उशी आणि सकाळची डोकेदुखी एवढाच मागमूस राहतो.

व्रत सोडा, असे मी सांगणार नाही. तो अधिकार माझा नाही. पण पुढची एकादशी येण्याआधी डॉक्टरांना भेटा, दोन्ही प्रसंग तारखांसह सांगा आणि दोन गोष्टी विचारा : ही गोळी बदलता किंवा कमी करता येईल का, आणि उपवासाच्या दिवशी काय करायचे. औषध कमी करणे हाही उपचारच असतो, आणि आपल्या बाबतीत तोच करावा लागेल, असा माझा अंदाज आहे. पडल्यावर डोक्याला मार लागला असेल, तर तेही वेगळे सांगा.

प्रश्न : आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली आहे. ती इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज भारतातून घेऊन आली होती. बाटली संपल्यावर येथे नवी घेतली. सिरिंज अजून शिल्लक आहेत. त्या वापराव्यात का? (न्यू जर्सी)

उत्तर : मुळीच वापरू नका. भारतात मिळणाऱ्या इन्सुलिनच्या बाटल्यांत बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि त्यांच्यासाठीच्या सिरिंजचे टोपण लाल असते. अमेरिकेतल्या नेहमीच्या बाटलीत दर मिलिलिटरला १०० युनिट असतात आणि त्या सिरिंजचे टोपण नारिंगी असते. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये तिकडचे इन्सुलिन २० च्या खुणेपर्यंत भरले, तर अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. उलट बाजूने, भारतातली बाटली आणि नारिंगी टोपणाची सिरिंज अशी जोडी जमली, तर २० च्या जागी ८ युनिट जातात आणि साखर का चढते, ते कोणाला कळत नाही. बाटली आणि सिरिंज यांवरचे आकडे जुळलेच पाहिजेत. हाच धोका भारतातही आहे : इन्सुलिनच्या पेनमध्ये बहुधा दर मिलिलिटरला १०० युनिट असतात, आणि पेन बिघडले म्हणून त्यातले औषध साध्या लाल सिरिंजने ओढून घेणारे लोक मला भेटले आहेत.

परतीच्या प्रवासात इन्सुलिन विमानात सोबतच्या पिशवीत ठेवा. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या खणापासून दूर ठेवावी; वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात चालते, मात्र उन्हाळ्यात खोली कसली, हा प्रश्न आपल्याकडे असतोच. वीज जाणाऱ्या गावात बाटली घट्ट बंद डब्यात घालून तो डबा गार पाण्याच्या मातीच्या भांड्यात ठेवण्याची जुनी युक्ती आजही उपयोगी आहे. आईच्या पोटावर टोचण्याच्या जागी मऊ गाठी आल्या आहेत का, तेही पाहा. तिथे टोचलेले इन्सुलिन नीट शोषले जात नाही, म्हणून जागा रोज बदलायला हवी.

प्रश्न : माझे पती ६९ वर्षांचे आहेत. हृदयासाठीही चांगली म्हणून त्यांना डापाग्लिफ्लोझिनची गोळी दिली आहे. तेव्हापासून लघवीला वारंवार जावे लागते आणि तिथे खाज सुटते. ते ही गोळी एक दिवसाआड घेतात आणि पाणी पिणे कमी केले आहे. डॉक्टरांना सांगायला त्यांना संकोच वाटतो. (नाशिक)

उत्तर : ही गोळी मूत्रपिंडांमार्फत जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकते. त्यामुळे लघवी वाढते, आणि साखरेच्या ओलाव्यावर बुरशी धरून खाज सुटते; स्त्रियांतही हे होते, पुरुषांतही. तो भाग रोज साध्या पाण्याने धुऊन कोरडा ठेवणे आणि डॉक्टरांनी दिलेले बुरशीनाशक मलम लावणे, एवढ्याने बहुतेकांना बरे वाटते. संकोच होत असेल, तर चिठ्ठीवर दोन शब्द लिहून द्यावेत. डॉक्टरांना हे रोजचे आहे. हृदय आणि मूत्रपिंड या दोहोंना या गोळीचा खरा फायदा होतो, म्हणून ती गुपचूप अर्धी करू नये.

गोळी सकाळी घेतली, तर रात्रीच्या फेऱ्या काहीशा कमी होतात. पाणी तोडणे मात्र चूक आहे. सोबत रक्तदाबासाठी लघवी वाढवणारे औषध असेल, तर उठताना चक्कर येऊन पडण्याचे ते निमंत्रणच ठरेल. हृदयविकारामुळे पाण्याला मर्यादा घातली असेल, तर तेवढी पाळावी. उलट्या किंवा जुलाब होत असतील आणि अन्न जात नसेल, त्या दिवसांत ही गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचे असते. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधीही ती साधारण तीन दिवस बंद ठेवतात. मळमळ, पोटदुखी आणि जोराचा श्वास असा त्रास एकत्र सुरू झाला, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचलेले असू शकते, म्हणून तातडीने रुग्णालय गाठावे. आणखी एक : लघवीच्या तपासणीत आता साखर दिसणारच. त्या अहवालाने घाबरून जाऊ नये.

प्रश्न : बारा वर्षे मेटफॉर्मिन घेतो. तळपायांना मुंग्या येतात. याच गोळीने मूत्रपिंड निकामी होते, असे ऐकल्याने दोन महिन्यांपासून ती बंद करून एक चूर्ण सुरू केले आहे. (जळगाव)

उत्तर : मेटफॉर्मिनने मूत्रपिंड बिघडत नाही, ते बिघडते वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने. गैरसमजाचे मूळ असे, की मूत्रपिंडाचे काम आधीच घटले असेल, तर ही गोळी शरीरात साचते, म्हणून ईजीएफआर हा, मूत्रपिंडे रक्त किती गाळतात ते दाखवणारा आकडा ४५ च्या खाली गेल्यावर मात्रा कमी करतात आणि ३० च्या खाली ती बंद करतात. वर्षातून एकदा तरी ही तपासणी व्हावी.

मुंग्या मधुमेहाने येऊ शकतात. पण मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, आणि त्या कमतरतेतही अगदी अशाच मुंग्या येतात. आपण शाकाहारी असाल, किंवा पित्तासाठी पॅन्टोप्राझोलसारखी गोळी रोज घेत असाल, तर शक्यता आणखी वाढते. बी-१२ ची तपासणी करून घ्या. ही कमतरता भरून काढता येते. फार उशीर झाला, तर नसांचे नुकसान मागे राहते.

चूर्णाच्या डबीवर घटक आणि परवाना क्रमांक छापलेला नसेल, तर ते घेऊ नका. मधुमेह हमखास बरा करण्याचा दावा करणाऱ्या काही चूर्णांत चोरून घातलेले ग्लिबेनक्लामाइड तपासणीत सापडले आहे. "चूर्णाने साखर लगेच उतरली" या अनुभवाचा अर्थ कधी कधी तोच असतो.

प्रश्न : सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. मधुमेहाचे डॉक्टर वेगळे, हृदयाचे वेगळे. दिवसाला अकरा गोळ्या होतात. अलीकडे त्या विसरतात, आणि घेतलेली गोळी पुन्हा मागतात. आम्ही दोघेही नोकरीला जातो. (ठाणे)

उत्तर : घरातली सगळी औषधे, अगदी डोळ्यांचे थेंब, गुडघ्याच्या गोळ्या आणि काढेसुद्धा, एका कापडी पिशवीत घाला आणि ती पिशवीच्या पिशवी एका डॉक्टरांपुढे रिकामी करा. पाकिटावरच्या ठळक नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचे मूळ नाव असते, ते वाचायची सवय लावा. दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी एकच औषध लिहून दिले आहे, आणि रुग्ण ते दोन्ही निष्ठेने घेत आहे, असे वाटते त्यापेक्षा अधिक वेळा घडते. अकरापैकी दोन-तीन गोळ्यांची आता गरज नाही, असेही कदाचित निघेल. कोणी लिव्होफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक किंवा स्टिरॉइड नव्याने लिहून दिले, तर मधुमेह असल्याची आठवण त्यांना करून द्या. पहिल्याने साखर खाली येऊ शकते, दुसऱ्याने वर जाते.

वारांचे खण असलेली डबी दर रविवारी भरून ठेवा, आणि ती सासूबाईंच्या हाताशी न ठेवता आपल्याकडे ठेवा. रिकामा खण दाखवला, की "मी घेतली का?" या प्रश्नावर वाद राहत नाही. शक्य असेल, तर दिवसातून तीन वेळांऐवजी एक किंवा दोन वेळांत औषधे बसवून द्यायला डॉक्टरांना सांगा, म्हणजे ती आपण घरी असतानाच देता येतील. एखादी गोळी राहिली, तर पुढच्या वेळी दोन देऊ नका. आणि साखर उतरवणारी गोळी त्यांच्या यादीत राहणारच असेल, तर ती घड्याळ पाहून देऊ नका. ताट वाढून झाले आहे, त्या पानावर बसल्या आहेत आणि आज त्यांना जेवायचे आहे, एवढे पाहूनच ती हातावर ठेवा. जेवण नको म्हणाल्या, तर ती गोळी त्या वेळी देऊ नका आणि डॉक्टरांना फोन करा.